पालकाचा मोबाईल नंबर

जयवंत ननावरे गुरुजींना मूलबाळ नव्हतं, पण रोज शाळा भरल्यावर तासाभरात त्यांच्या मुलीची खुशाली फोनवर येत असे. ही मुलगी त्यांची नव्हती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, शाळेतल्या यंत्राला ठाऊक नव्हतं, आणि मुलीला कोणी विचारलंच नव्हतं.

साताऱ्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गुरुजी एकटेच राहत. पत्नी कुसुमताई जाऊन चार वर्षं झाली होती आणि निवृत्त होऊन पावणेदोन. सकाळचा चहा, पेपर, दाढी आणि एक वाटी वरणभाताचा कुकर एवढं नऊपर्यंत उरकलं, की पुढे साडेअकरापर्यंत करायचं काय, हा प्रश्न रोज नव्यानं उभा राही. मग साडेअकराला फोन बोलायचा.

“नमस्कार. आपली पाल्य बानू बिरा कोळेकर, इयत्ता तिसरी, आज वेळेवर आली. बारापर्यंतचे पाढे म्हटले, तेराला अडखळली. पुढचा वरचा दात पडला आहे. श्वास आणि ठोके ठीक. काल खिचडी अर्धी टाकली, वाटाणे तेवढे वेचून खाल्ले. चित्रकलेत मेंढी काढली, तिला पाच पाय होते.”

ज्या दिवशी दात पडला त्या संध्याकाळी गुरुजींनी खालच्या किराणा दुकानदाराला अर्धा किलो पोह्यांबरोबर ही बातमी ऐकवली. “आमच्या बानूचा दात पडला.” दुकानदारानं विचारलं, “नात का?” गुरुजींनी मान अशी काही हलवली, की ती होची होती का नाहीची हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

आता हा घोळ झाला कसा, ते सांगायला हवं.

माण तालुक्यातली गारळेवाडी म्हणजे चाळीस घरं, बावीस मुलं आणि एक शिक्षक. निम्मी घरं मेंढपाळांची. दसरा झाला की ही माणसं मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जात, भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवत आणि पावसाच्या तोंडाला परत येत. शाळेच्या वयाची मुलं मागे नातेवाइकांकडे राहत. बानू अशीच चुलत्याकडे राहायची. तिला पहिलीत घालताना गुरुजींनी सरकारी पोर्टल उघडलं. त्या पोर्टलला वडिलांचं शिक्षण नसलं तरी चाले, धंदा नसला तरी चाले, पण पालकाचा मोबाईल नंबर दहा आकडी हवाच. नाहीतर रकाना लाल व्हायचा आणि गाडी पुढे सरकायची नाही. बिरा कोळेकरचा नंबर दर हंगामाला बदलायचा. मग गुरुजींनी तेच केलं, जे अशा वेळी ते नेहमी करत. स्वतःचा नंबर ठोकून दिला. एकट्या बानूच्या नाही, पाच मुलांच्या नावापुढे. रकाना हिरवा झाला, माहिती वर गेली, साहेब खूश झाले.

पुढल्या मे महिन्यात गुरुजी निवृत्त झाले आणि जूनमध्ये शाळेत ते यंत्र आलं.

यंत्र म्हणजे फळ्याच्या वर बसवलेली ताटाएवढी करडी चकती. भिंतीला कान असतात ही म्हण सरकारनं फारच मनावर घेतली, असं गावकरी म्हणाले आणि यंत्राचं नाव ‘कान’ पडून गेलं. त्याचं काम एकच, मुलं पाढे म्हणतात ते ऐकणं.

पाढेच का, तर पाढ्याचे शब्द ठरलेले, क्रम ठरलेला आणि चालही ठरलेली. रोज त्याच वाटेनं जाणारा माणूस एक दिवस लंगडत गेला तर लगेच ध्यानात येतं, त्यातलाच हा प्रकार. आवाज काही नुसता गळ्यातून निघत नाही. फुप्फुसांतली हवा स्वरतंतूंना थरथरवते आणि शेजारीच बसलेलं हृदय त्या हवेला दर ठोक्याला बारीकसा धक्का देतं. हा धक्का माणसाला ऐकू येत नाही, यंत्राला मोजता येतो. अंगात रक्त कमी असलं की मूल पाढ्याच्या अधेमधे श्वास घेतं. घसा सुजला की स्वरतंतू जड होतात. दात पडला की ‘स’ शीळ घालू लागतो. बावीस मुलं एका सुरात ओरडत असली तरी यंत्र प्रत्येकाचा आवाज सुटा करतं, कारण सुरुवातीला दोन महिने एकेकाला उभं करून त्याची ओळख करून दिलेली असते. आणि ते एका मुलाची तुलना दुसऱ्याशी कधी करत नाही, त्याच मुलाच्या कालच्या पाढ्याशी करतं. हे गुरुजींना फार आवडलं होतं, कारण पस्तीस वर्षांत त्यांना स्वतःला ते जमलं नव्हतं.

पाढ्यांतून कळलेलं आणि शिक्षकांनी दिवसभरात नोंदवलेलं, सगळं एकत्र करून यंत्र घरोघर खुशाली पाठवी. अशा पाच खुशाल्या पहिल्या दिवशी गुरुजींच्या फोनवर आदळल्या. ते दचकले, मग हसले, मग पाचही पुन्हा पुन्हा ऐकल्या. पुढे चौघांच्या पालकांनी आपापले नंबर दुरुस्त करून घेतले. बानूचा राहिला. गेल्या नोव्हेंबरमध्ये नव्या शिक्षिका, वाघमोडे मॅडम, यांचा फोन आला होता.

“गुरुजी, बानू कोळेकरच्या नावापुढे तुमचा नंबर दिसतोय. तिच्या वडलांचा मिळेल का?”

गुरुजींच्या हातात तेव्हा चहाचा कप होता. घरात दुसरा आवाज नव्हता. ते म्हणाले, “राहू द्या मॅडम. माझी त्यांची गाठ असते. मी सांगत जाईन.”

बिरा कोळेकरची आणि त्यांची गाठ पडून तेव्हा वर्ष उलटलं होतं. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगणाऱ्या माणसाची जीभ इतकी सहज कशी वळली, याचं गुरुजींना त्या दिवशी नवल वाटलं. दुसऱ्या दिवशी वाटलं नाही.

खुशाली एकतर्फी नव्हती, हीच खरी पंचाईत होती. चकतीखाली एक कोनाडा होता. मधल्या सुट्टीत मुलानं तिथं डोकं घालून उभं राहायचं, की त्याला घरचा निरोप ऐकू येई. चाळीस शब्दांचा. बहुतेक आईबाप आपल्या आवाजात बोलून पाठवत. कोणी लिहून पाठवला तर यंत्र आपल्या आवाजात वाचून दाखवी. निरोप आलाच नाही तर तेही सांगे, “आज घरून निरोप नाही.” यंत्राला खोटं बोलता येत नसे.

दसऱ्यानंतर आईबाप कोकणात गेले, तेव्हाचे पहिले तीन आठवडे बानूनं रोज हेच वाक्य ऐकलं, आणि ऐकूनही रोज कोनाड्यात डोकं घातलं. ते खुशालीत येई. चौथ्या आठवड्यात गुरुजींना राहवलं नाही. आपला आवाज पोर ओळखेल म्हणून त्यांनी तिच्या बापाच्या नावानं लिहून पाठवलं. “बानू, आम्ही बरे आहोत. मेंढरं चरतायत. मन लावून शीक. तुझे आबा.”

दुसऱ्या दिवशी खुशालीत होतं, “निरोप दोनदा ऐकला. खिचडी पूर्ण खाल्ली.”

मग काय, मांजरानं लोणी चाखलं. गुरुजी सकाळी उठल्यापासून निरोप जुळवू लागले. आज काय लिहावं याचा विचार करताना दूध उतू जाऊ लागलं. कोकणातली नदी, रानातला मोर, काळ्या कुत्रीला झालेली तीन पिल्लं, असं काय काय त्यांनी लिहिलं. कोळेकरांकडे कुत्री होती की नव्हती, देव जाणे. पण बानूनं चित्रकलेत तीन काळी पिल्लं काढली आणि गुरुजींना वाटलं, आपल्याला घर आहे.

ज्यानं कधी एकट्यानं जेवण केलं नाही, त्याला हे कळायचं नाही. गुरुजी वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त रोज कोणीतरी कोणाबद्दल तरी सांगावं असं वाटत होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात खुशाली वेगळी आली. “बानूचा घसा सुजला आहे. ताप असू शकतो. आजच डॉक्टरांना दाखवावे.” गुरुजी घाबरले, आणि घाबरलेला माणूस जे हाताशी असेल ते करतो. त्यांनी निरोप लिहिला. “बानू, कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर. थंड पिऊ नको. तुझे आबा.” चुलत्याला फोन करायचं त्यांच्या मनात आलं होतं. पण चुलता विचारणार, तुम्हाला कसं कळलं? मग त्यांनी फोन खाली ठेवला. पाच दिवसांनी घसा मोकळा झाल्याची खुशाली आली. गुरुजींनी देवापुढे साखर ठेवली आणि गुळण्यांचा गुण आला असं समजून चालले.

फेब्रुवारीच्या अकरा तारखेला साडेअकराला फोन बोलला, तो आधी नमस्कार म्हणालाच नाही.

“तातडीची सूचना. बानू कोळेकर हिच्या आवाजातल्या ठोक्यांची लय नऊ दिवसांपासून बदलली आहे. बाराचा पाढा ती एका श्वासात म्हणत असे, आता चार लागतात. गुडघे दुखतात म्हणून खेळाच्या तासाला बसून राहते. जानेवारीतल्या घशाला औषध मिळाले नसल्यास हृदयाच्या झडपेला सूज येत असावी. उपचार लगेच सुरू केल्यास झडप वाचते. पालकांनी दोन दिवसांत संमती द्यावी.”

गुरुजी खुर्चीत बसले. हा आजार त्यांना नावानं माहीत होता. घशातल्या जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज कधीकधी वाट चुकते आणि आपल्याच सांध्यांवर, आपल्याच हृदयावर चालून जाते. लहान मुलांना होतो. वेळेवर दहा दिवसांचं औषध पोटात गेलं असतं तर झाला नसता. ते औषध बानूच्या पोटात गेलं नव्हतं, कारण डॉक्टरांना दाखवा असं सांगणारी खुशाली साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर येऊन बसली होती. गारळेवाडीत ती कधी पोहोचलीच नाही. त्या पोरीनं थंडीत मिठाच्या गुळण्या केल्या होत्या.

संमतीच्या खाली एक प्रश्न होता. “उपचारात पेनिसिलिनचे इंजेक्शन द्यावे लागेल. या इंजेक्शनचा मुलीला पूर्वी कधी त्रास झाला आहे का?” आणि तीन बटणं. हो. नाही. माहीत नाही.

‘माहीत नाही’ दाबलं की पालकाला चेहरा दाखवायला स्वतः रुग्णालयात जावं लागणार, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं. म्हणजे सगळं उघडं पडणार. ‘नाही’ दाबलं की उद्या सकाळी गाडी शाळेच्या दारात, दुपारी इंजेक्शन, आणि बानू बरी. या इंजेक्शनचा त्रास होतो तरी कितीजणांना? शंभरात एखाद्याला. गुरुजींचा अंगठा ‘नाही’वर जाऊन थांबला.

तेवढ्यात वाघमोडे मॅडमचा फोन आला. “गुरुजी, बानूचं उत्तर अजून आलं नाही. तिच्या वडलांना तेवढं सांगा ना. पोरगी शाळेच्या पायऱ्या चढताना दम घेते आता.”

“सांगतो,” गुरुजी म्हणाले.

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःचीच भीती वाटली. बानूनं काल किती वाटाणे खाल्ले हे त्यांना ठाऊक होतं. तेराच्या पाढ्यात ती कुठं अडते हे ठाऊक होतं. पण शाळेत यायच्या आधीची सहा वर्षं ती कुठं होती, कधी आजारी पडली, कोणी तिला उचलून पळत दवाखान्यात नेलं, यातलं त्यांना काही म्हणजे काही माहीत नव्हतं. यंत्रालाही नव्हतं. ते फक्त आईला माहीत असतं.

त्यांनी चुलत्याला फोन लावला. चुलता म्हणाला, “आमाला काय ठावं गुरुजी? ती तकडंच व्हती ल्हानपणी, मेंढरामागं. बिराचा नंबर देतो की. पर लागायचा न्हाय. त्येंचा मुक्काम खोल दरीत हाय, पोलादपूरच्या म्होरं. आयतवारी पुलावर येऊन फोन करत्यात तेवढंच.”

बिराचा नंबर इतक्या सहज मिळाला. दहा आकडे, एका कागदाच्या चिटोऱ्यावर. तो गेल्या पावणेदोन वर्षांत कोणत्याही दिवशी मिळाला असता. रविवारला अजून तीन दिवस होते, आणि मुदत दोन दिवसांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या बसनं गुरुजी निघाले. महाबळेश्वर ओलांडून बस आंबेनळी घाट उतरली. पोलादपूरच्या पुढं उतरून त्यांनी तीनदा वाट विचारली. शेवटी एका पुलाखालच्या खाचरांत मेंढरं दिसली, जाळीच्या कुंपणाशेजारी चूल दिसली, आणि चुलीपाशी बाई.

बिरा कोळेकर उंच, वाळलेला माणूस. त्यानं गुरुजींना ओळखलं आणि त्याच्या हातातली काठी गळाली. “गुरुजी? बानू…?”

“बानू आहे. शाळेत आहे,” गुरुजी घाईनं म्हणाले. “पण आजारी आहे. बसा, मला सगळं सांगू द्या.”

त्यांनी सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, पस्तीस वर्षं वर्गात बोलत आले तसं, पण शब्द जागेवर येत नव्हते. नंबर, खुशाली, निरोप, घसा, झडप. शेवटी त्यांनी इंजेक्शनचा प्रश्न विचारला.

बिराची बायको सुमन ताडकन उठली. “सुई? दोन वरसांची व्हती तवा महाडच्या डाक्टरनं दिली व्हती. सुई टोचली आन् पोरीच्या अंगावर ह्या अशा गांधी. त्वांड सुजलं, डोळं मिटलं, श्वासच घ्याना. डाक्टर सवता घाबरला. दोन दीस दवाखान्यात व्हतो. त्येनं चिठ्ठी दिली, ही सुई पुन्ना जल्मात द्याची न्हाय म्हून. माज्या डब्यात हाय ती चिठ्ठी.”

गुरुजींना ती तीन बटणं आठवली. काल त्यांचा अंगठा ‘नाही’वर होता.

“तुमी तिची आई व्हाया निघाला व्हता व्हय, गुरुजी?” सुमननं विचारलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“मला घरात कोणी नाही, सुमनताई,” गुरुजी म्हणाले. “हे कारण नाही, मला कळतं. पण दुसरं काही खरं नाही.”

बिरा वाकून पडलेली काठी उचलत होता. मग म्हणाला, “ते निरोप तुमी लिवत व्हता?”

“हो.”

“पोरगी फोनवर म्हणायची, आबा, तुजा निरोप लई ग्वाड असतोय. म्या तर कंदी येक अक्षर धाडलं न्हाय. मला लिवाया येत न्हाय, आन् त्या यंत्रावर बोलायचं कसं ते कुणी दावलं न्हाय. म्हणलं, मशीनच लिवत आसंल बापाच्या नावानं. सरकार करतं ना समदं, मग ह्ये बी करत आसंल.” तो थांबला. “म्या तिला सांगितलं न्हाय गुरुजी, की बाई, त्यो मी न्हव्हं. तिला वाटतंय बाप आठवन काढतोय, तर वाटू दे म्हणलं. मला बी बरं वाटायचं.”

कुंपणाच्या आतून एक काळं पिल्लू पळत आलं आणि बिराच्या पायाशी लोळू लागलं.

“ह्ये बी त्यातलंच,” बिरा म्हणाला. “तिनं इचारलं, कुत्रीची पिल्लं केवढी झाली? आमच्याकडं कुत्रीच न्हाय. मग गावातनं ह्ये येक मागून आणलं. मे म्हैन्यात घरी गेल्याव दावाया काय तर पायजे ना.”

दोन माणसं एकाच खोट्यावर दोन टोकांनी जगत होती, आणि मधे एक आठ वर्षांची पोर कोनाड्यात डोकं घालून उभी होती. गुरुजींना रडू आलं. त्यांनी ते लपवलंही नाही.

“रडाया मागनं टायम हाय,” सुमन म्हणाली. ती तोवर पत्र्याच्या डब्यातून चिठ्ठी काढून पदराच्या गाठीत बांधत होती. “आदी सांगा, काय दाबायचं ते.”

तिघं चढून पुलावर आली. तिथं फोनला रेंज होती. यंत्राचा नियम असा होता, की जुना नंबर सुटल्याशिवाय नवा बसत नाही, आणि जुना सोडायचा तर त्या नंबरवाल्यानं स्वतः कबूल करायला हवं. गुरुजींच्या फोनवर वाक्य उमटलं, ‘मी या मुलीचा पालक नाही.’ खाली एकच बटण.

गुरुजींनी आयुष्यात पुष्कळ कागदांवर सह्या केल्या होत्या, कुसुमताईंच्या दहनाच्या कागदावरही केली होती. हे बटण दाबायला त्यांना तितकाच वेळ लागला.

फोन नेहमीच्याच गोड आवाजात बोलला, “धन्यवाद. आपल्या नावावर आता कोणताही पाल्य नाही.”

“काय म्हणलं वो ते?” सुमननं विचारलं.

“काम झालं म्हणतंय,” गुरुजी म्हणाले.

त्यांनी बिराचा नंबर भरला. क्षणात बिराचा फोन वाजला आणि तोच प्रश्न त्याला विचारू लागला. बटण दाबायच्या आतच सुमन फोनवर ओरडली, “न्हाय! ती सुई द्याची न्हाय! तिच्यानं मराय टेकली व्हती माजी लेक!” यंत्रानं ते शांतपणे ऐकून घेतलं, ‘हो, त्रास झाला होता’ असं नोंदवलं आणि कळवलं, की इंजेक्शनऐवजी दुसऱ्या गोळ्या दिल्या जातील, आईवडिलांनी उद्या सकाळी दहाला साताऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात मुलीसह यावं, झडप अजून शाबूत असावी. बिरानं ते दोनदा ऐकलं. मग त्यानं विचारलं, “शाबूत म्हंजी?”

“म्हणजे वाचली,” गुरुजी म्हणाले. “उशीर झालाय, पण फार नाही.”

बिराबरोबर तळावर असलेल्या दुसऱ्या मेंढपाळानं मेंढरं सांभाळायचं कबूल केलं. महाडला स्ट्रॉबेरी पोहोचवून वाईला परत निघालेला एक टेम्पो पुलावर थांबला. ड्रायव्हरशेजारी दोघांचीच जागा होती. सुमन आधी चढून बसली. बिरा चढता चढता परत आला.

“गुरुजी, मधली सुट्टी कितीला असती?”

“दीडला.”

“मंजी आजून हाय वेळ. आज निरोप कोन धाडणार?” त्यानं फोन पुढे केला. “तुमीच सांगा, काय म्हणू? तुमाला ठावं हाय तिला काय आवडतंय ते.”

गुरुजींना ठाऊक होतं. चाळीस शब्द कसे जुळवायचे, कुठं मोर घालायचा, कुठं नदी, सगळं त्यांच्या जिभेवर होतं. पण त्यांनी फोन बिराच्याच हातात ठेवला.

“तुमच्या आवाजात बोला,” ते म्हणाले. “काहीही बोला.”

त्यांनी बिराचा अंगठा धरून लाल ठिपक्यावर ठेवला. बिरा आधी नुसताच खाकरला. मग एखाद्या बहिऱ्याला हाक मारावी तसा मोठ्यानं बोलला. “बाने. म्या बोलतोय. आबा. येतोय गं आमी. आज सांच्याला येतोय. तुजी आई बी हाय. पळू नगस, बसून ऱ्हा.” एवढ्यावर त्याचं बोलणं संपलं. पण ठिपका सोडायचा असतो हे त्याला माहीत नव्हतं, त्यामुळे पुढं काही वेळ नुसता त्याचा श्वास नोंदला गेला. गुरुजींनी हळूच त्याचा अंगठा उचलला.

टेम्पो गेला. पोलादपूरच्या स्टँडपर्यंत दीड तासाची चाल होती आणि ऊन चढलं होतं. वाटेत एका झाडाखाली गुरुजी थांबले तेव्हा घड्याळात दीड वाजून गेला होता.

बापाचा आवाज पहिल्यांदाच कोनाड्यातून आला तेव्हा बानूनं काय केलं, ती हसली का रडली, निरोप एकदा ऐकला का दहादा, हे सगळं वाघमोडे मॅडमनी बिराला वाई यायच्या आधी फोनवर सविस्तर कळवलं. गुरुजींना कळवायचं कोणालाच काही कारण नव्हतं.